रैनूभाऊ उघडत नाही

सोमवारी सकाळी मी आंघोळीला निघालो तर फोन वाजला. कोहकाटोल्याचे देवाजी होते. देवाजी म्हणजे त्या गावच्या ग्रामसभेचे सचिव, वय माझ्याएवढंच, आवाज कायम हळू. ते म्हणाले, "भाऊ, रैनूभाऊ उघडून नाई राह्यला."

रैनूभाऊ म्हणजे रैनू तुमरेटी, गावातले सगळ्यात जुने माणूस, आणि ते तर मागच्या थंडीत वारले होते. मी टॉवेल खांद्यावर टाकून तसाच उभा राहिलो. मेलेला माणूस उघडून राह्यला नाही म्हणजे काय, ते डोक्यात शिरायला मला बराच वेळ लागला. मग आठवलं की त्यांच्या ऑफिसातल्या कंप्युटरवर रैनूभाऊंच्या नावाचं एक फोल्डर आहे, आणि ते मीच करून दिलेलं आहे.

मी गडचिरोलीत राहतो. कंप्युटर दुरुस्तीचं काम करतो, म्हणजे करायचो. आता गुडघे बस चढू देत नाहीत म्हणून घरीच बसून फोनवर शहाणपण शिकवतो. पण त्याआधी वीसेक वर्षं मी खांद्याला बॅग लावून या दोन जिल्ह्यांत एसटीने फिरलो, आणि ही गोष्ट तेव्हाचीच. माजरीच्या कोळशाच्या धुळीत भरलेले सीपीयू उघडले, मार्कंड्याच्या जत्रेत चौकशीच्या टेबलावर बसलेला कंप्युटर झाडाखाली बसून सुरू केला. लोकांना वाटतं हे काम मशीनचं आहे. तसं नाही. मशीन दहा मिनिटांत सुधारते. उरलेला दिवस माणसाने नेमकं काय केलं ते शोधण्यात जातो, आणि माणूस म्हणतो, मी काहीच नाही केलं.

यातला सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे शॉर्टकट. ज्यांचा कंप्युटरशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. समजा तुमचे कागद मागच्या खोलीतल्या कपाटात आहेत. रोज तिथपर्यंत जायचा कंटाळा येतो, म्हणून दारावर पाटी लावली: कागद मागच्या खोलीत. कंप्युटरमध्ये त्या पाटीवर बोट ठेवलं की ती तुम्हाला उचलून थेट कपाटापाशी नेते. इतक्या झटकन नेते, की तुम्हाला वाटतं कागद पाटीतच आहेत. आणि मग एक दिवस कोणीतरी कपाट हलवतं. पाटी तिथेच राहते, दिसायला जशीच्या तशी.

पाटी कोणती आणि कपाट कोणतं हे कळावं म्हणून बनवणाऱ्याने चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक बाण दिलेला असतो. तो बाण कोणी पाहत नाही. एका आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांनी जागा कमी पडते म्हणून शाळेचं सगळं रेकॉर्ड डी ड्राइव्हमधून पुसून टाकलं. का, तर म्हणे डेस्कटॉपवर आहेच की दुसरी कॉपी. त्या दुसऱ्या कॉपीवर बाण होता. मी त्यांना बाण दाखवला तर म्हणाले, "मले वाटलं हे डिझाइन हाय." त्या गुरुजींना मी मनातल्या मनात किती बोललो असेन, विचारू नका. आज त्यांची माफी मागावीशी वाटते, ते का ते पुढे येईल.

दुसरीकडे एका आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला बाण दिसायचा आणि आवडायचा नाही. खरचटल्यासारखं दिसते म्हणायची. तेवढ्यासाठी मी बाण घालवायची एक युक्ती शिकलो. कंप्युटरच्या पोटात शिरून एक ओळ बदलायची, की सगळे बाण गायब. सिस्टर खूश झाली. मग मी ती युक्ती जाईन तिथे वापरायला लागलो. नवीन कंप्युटर बसवला की आधी बाण काढायचो, हळदीकुंकू लावल्यासारखं. लोक म्हणायचे, बोरकुटेभाऊने बसवलेला कंप्युटर कसा साफ दिसते. मला बरं वाटायचं. कोहकाटोल्यातला कंप्युटर मीच बसवला होता, म्हणजे तिथेही बाण नव्हता. रस्त्यावरच्या धोक्याच्या पाट्या दिसायला बऱ्या नाहीत म्हणून उपटून टाकणारा मी माणूस.

तर सोमवार. देवाजींनी सांगितलं की गुरुवारी उपविभागात सुनावणी आहे. गावाने सामूहिक वनहक्काचा दावा केला होता. पूर्वेकडच्या हद्दीवर प्रश्न निघाला होता: नाल्यापर्यंतचं जंगल, त्यातलं बांबूचं बन आणि एक जुनं तळं कोहकाटोल्याच्या वहिवाटीत येतं की नाही. कागदावर तिथे काहीच नव्हतं. पण वडीलधाऱ्या माणसाचं सांगणं पुरावा म्हणून चालतं, आणि तो पुरावा गावाकडे होता. रैनूभाऊंनी तीन दिवस हद्दीवरून चालत प्रत्येक दगडाचं, झाडाचं, वळणाचं नाव सांगितलं होतं, कोणाच्या आज्याने तिथे काय केलं ते सांगितलं होतं, आणि त्याचं चित्रण झालं होतं. ती सगळी नावं माहीत असलेला गावात दुसरा माणूस उरला नव्हता. आता ते फोल्डर उघडत नव्हतं. उघडलं नाही तर नाल्यापर्यंतचं जंगल हातचं जाणार, इतकी ती साधी गोष्ट होती.

मी म्हणालो, घाबरू नका, येतो. अन् खरं सांगतो, जाताना बसमध्ये मी निवांत झोपलो. कारण मला वाटलं हा शॉर्टकटचा व्हायरस आहे. त्या व्हायरसनेच तर माझं नाव जिल्हाभर झालं. तो पेनड्राइव्हमधून येतो, खरी फोल्डरं लपवतो आणि त्यांच्या जागी नकली बसवतो. लोक रडायला लागतात. मी जायचो, काळी खिडकी उघडायचो, एक ओळ टाइप करायचो, एंटर, आणि सगळं परत. एका ग्रामसेवकाने माझ्या पायाला हात लावला होता. ती ओळ मला अजून झोपेतही येते.

कोहकाटोल्यात पोचलो, काळी खिडकी उघडली, ओळ टाइप केली, एंटर मारला. काही आलं नाही. परत मारला. देवाजी बाजूला उभे होते, माझ्या तोंडाकडे पाहत. मी फोल्डरवर डबल क्लिक केलं. समोर सूचना आली: ही वस्तू जागेवरून हलवली आहे किंवा बदलली आहे. मी पाच वेळा क्लिक केलं, जसं काही सहाव्यांदा त्याला दया येईल.

मग मी त्याची प्रॉपर्टी, म्हणजे आत किती माल आहे आणि तो कुठे आहे ते सांगणारी खिडकी, उघडली. हे आधी करायला पाहिजे होतं. पण नाव झालेल्या माणसाला आधी काय करायचं ते आठवत नाही. दोन केबी. तीन दिवसांचं चालणं दोन केबीत मावत नाही. म्हणजे ते फोल्डर नव्हतंच, शॉर्टकट होता, आणि बाण मी काढलेला असल्यामुळे दीड वर्षात कोणाला कळलं नव्हतं. खाली पत्ता होता: एफ ड्राइव्ह, कॅमेरा.

मी एफ ड्राइव्ह उघडला. रिकामा. अन् मी माउस सोडला. कारण त्या कंप्युटरची हार्ड डिस्क आठ महिन्यांपूर्वी बिघडली होती, आणि ती बदलून नवी बसवणारा, तिचे सी, डी, ई, एफ असे चार भाग पाडणारा मीच होतो. जुनीतला डेस्कटॉप मी नवीत आणला होता, डी मधले कागद आणले होते. एफ आणला का? आठवेना. बऱ्याच ऑफिसांत फोटोसाठी एफमध्ये कॅमेरा नावाचं फोल्डर करायची तर माझी सवयच होती. म्हणजे रैनूभाऊ जुन्या एफमध्ये होते, मी त्यांना तिथेच ठेवून डिस्क उचलली आणि भंगारात दिली.

देवाजींनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "थोडं किचकट हाय. पाहतो मी."

पुढे मी काय केलं तेही सांगतो. मी त्यांना म्हणालो, गावात सध्या कोणाला सांगू नका, उगाच लोक घाबरतील. त्या गावात असं होत नाही. तिथे लहान गोष्टही झाडाखाली सगळ्यांसमोर मांडतात, बाया-माणसं गोल बसतात, आणि सगळे हो म्हणेपर्यंत उठत नाहीत. नवीन कीबोर्ड घ्यायचा की नाही यावर मी तिथे अर्धा दिवस बसलेलो आहे आणि कंटाळलेलो आहे. देवाजींनी ऑफिसचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तं नाई सांगत." माझी लाज झाकायला त्या माणसाने गावाची रीत मोडली, आणि मी चहा पिऊन बसमध्ये बसलो.

मंगळवार मी भंगारवाल्यामागे घालवला. डिस्क कधीच गेली होती. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. बायकोला वाटलं पित्त झालं. सांगितलं असतं तर ती बोलली असती, आणि तिचं बोलणं ऐकायची माझी तयारी नव्हती.

बुधवारी आठवलं की देवाजींनी दावा दाखल करताना तालुक्याच्या एका ऑफिसात पेनड्राइव्हमधून फोल्डर दिलं होतं. त्याची पोच होती, शिक्क्यासह: ध्वनिचित्रफीत प्राप्त. कोणतं ऑफिस ते सांगत नाही, तिथल्या माणसांचा काही दोष नव्हता. देवाजींना घेऊन तिथे गेलो. तिथले बाबू, लांजेवार, गोड माणूस. म्हणाले, हो ना, हाय ना, डेस्कटॉपवरच ठेवलं हाय जपून. दाखवलं. माझ्या आशेवर तिथेच पाणी फिरलं, कारण त्या कंप्युटरला मी कधी हात लावला नव्हता, आणि रैनूभाऊंच्या नावाच्या कोपऱ्यात चांगला ठसठशीत बाण होता. देवाजींनी पाटीच कॉपी करून नेली होती, बाबूंनी पाटीच जपून ठेवली होती आणि पाटीलाच शिक्का मारून दिला होता.

तरी मी क्लिक केलं. का केलं माहीत नाही. आणि ते उघडलं.

आतमध्ये लग्न होतं. खरंच सांगतो. मांडव, डीजे, हळदीने माखलेला नवरदेव, पंगत. मी एकेक फोटो उघडून पाहिला. कोहकाटोल्याच्या पूर्व हद्दीच्या जागी ही कोणाची वरात चालली होती, मला काही म्हणजे काही समजेना. देवाजी वाकून पाहत होते. त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, "भाऊ, हे आपल्या नाल्याच्या इकडचे हायेत का तिकडचे?"

लांजेवार बाबू लाजले. म्हणाले, "अजी ते माह्या पुतण्याचं लग्न होय. माह्या मोबाइलचं मेमरी कार्ड लावलं हाय त्याले, जरा फोटो निवडून घेतो म्हटलं."

मी त्यांच्या कंप्युटरला लटकलेल्या कार्ड रीडरकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. मग पुन्हा रीडरकडे. माझं डोकं तेव्हा गिरणीच्या पट्ट्यासारखं फिरत होतं, पण धान्य पडत नव्हतं. मी बाबूंना कार्ड काढायला लावलं. क्लिक केलं, उघडेना. कार्ड लावलं, क्लिक केलं, वरात हजर. पुन्हा काढलं. बाबूंना वाटलं मला त्यांच्या पुतण्याचा काही राग आहे.

बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि घरी बायकोला फोन लावला. माझी एक वही आहे, प्रत्येक मशीनची. तिला म्हटलं, कोहकाटोल्याचं पान काढ, जुनी डिस्क, काय लिहिलं ते वाच. तिने चष्मा शोधला, वही शोधली, मला दोन शब्द सुनावले आणि वाचलं: "सी, डी. डीव्हीडी ई." मी विचारलं, अन् एफ? ती म्हणाली, "एफ नाहीच लिवलेलं. तुम्हीच लिवलं, मले काऊन विचारता?"

एफ नव्हताच. जुन्या डिस्कला एफ नावाचा भागच नव्हता. मी दोन दिवस ज्याचं सुतक पाळलं ते घर कधी बांधलंच नव्हतं.

एफ म्हणजे घर नाही, बसमधली सीट आहे, हे मी लोकांना शेकडो वेळा शिकवलं असेल. आधी चढतो तो पुढची सीट घेतो. कार्ड लावलं की त्याला रिकामी असेल ती सीट मिळते. त्या दिवशी कोहकाटोल्यात एका मोबाइलचं कार्ड लावलं गेलं, त्याला एफची सीट मिळाली, आणि मोबाइलच्या कार्डात फोटोचं फोल्डर कॅमेरा याच नावाचं असतं. शॉर्टकटने फक्त सीट लक्षात ठेवली होती, माणूस नाही. बाबूंचं कार्ड त्याच सीटवर येऊन बसलं, म्हणून हद्दीच्या जागी वरात निघाली. चित्रण कधी कंप्युटरात गेलंच नव्हतं. ते कार्डात होतं, आणि कार्ड त्याच दिवशी काढून ज्याचं त्याला दिलं होतं.

हे मी देवाजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग राजोबाईच्या मोबाइलात हाय ते." अगदी सहज. राजोबाई म्हणजे रैनूभाऊंची सून. चित्रण तिनेच केलं होतं, नवऱ्याच्या मोबाइलवर, कारण नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेला होता आणि मोबाइल घरी होता. सोमवारी ही गोष्ट झाडाखाली मांडली असती तर राजोबाईने तिथल्या तिथे सांगितलं असतं. माझी अब्रू वाचवायला आम्ही दोन दिवस घालवले होते, आणि तेवढ्यात ते कार्ड हरवलं असतं, पुसलं असतं, पाण्यात पडलं असतं तर काय, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

त्याच दुपारी मिळाली ती जीप पकडून कोहकाटोल्यात गेलो. राजोबाई अंगणात मोहफुलं वाळवत होती. पस्तिशीची बाई, मोजकं बोलणारी. देवाजींनी तिला गोंडीत सगळं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. मला म्हणाली, "मोबाइलातच हाय ना बाप्पा. मी रोज ऐकतो. तुमच्यापाशी तं हाय म्हणे कंप्युटरात, म्हणून मी काई बोलली नाई."

मी विचारलं, मग दीड वर्षात कोणी कंप्युटरवर उघडून कसं पाहिलं नाही? हे मी जरा तावातच विचारलं, चूक माझी असताना. यावर तिने मला अंगणाच्या कोपऱ्यातला सरपणाचा ढीग दाखवला. म्हणाली, रानात आम्ही लाकडं जमवतो अन् एका खेपेत आणणं होत नाही. तर ढिगावर हिरवी डहाळी ठेवतो, वर दगड. ती खूण पाहिली की कोणी ढिगाले हात नाही लावत, खाली लाकडं हायेत का नाही ते उपसून नाही पाहत. ज्याने खूण ठेवली त्याने लाकडं ठेवली असतीलच. "तुम्ही खूण ठेवली होती," ती म्हणाली. "आम्ही काऊन उपसून पाहू?"

वीस वर्षं मी शॉर्टकट म्हणजे काय ते लोकांना समजावत आलो. ती बाई ते माझ्यापेक्षा चांगलं जाणत होती. फक्त खूण ठेवून खाली काहीच न ठेवणारा माणूस तिने आधी पाहिला नव्हता.

मोबाइलची काच तडकलेली होती, पण कार्ड ठीक होतं. मी लॅपटॉप काढला. तिने मोबाइल हातात धरूनच ठेवला. मग विचारलं, "खरं घेऊन राह्यले का खूणच?" मी म्हणालो, खरं. "मंग माह्यापाशी काय राह्यते?" तिला वाटत होतं मी काढून नेणार. सासऱ्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. मी तिला समोर बसवलं, कॉपी लावली आणि हिरवी पट्टी सरकताना दाखवली. सव्वा तास ती पट्टीकडे पाहत बसली. संपल्यावर मी कार्ड परत मोबाइलात घातलं, आणि तिने पहिली क्लिप लावून पाहिल्यावरच मला जाऊ दिलं. मग मी लॅपटॉपवरून एक कॉपी ग्रामसभेच्या कंप्युटरात टाकली, एक देवाजींच्या पेनड्राइव्हमध्ये. प्रत्येकीची प्रॉपर्टी उघडून किती जीबी ते मोठ्याने वाचलं, शाळेत हजेरी घेतात तसं. आणि सगळं उरकल्यावर कंप्युटरच्या पोटात शिरून ती ओळ पूर्वीसारखी केली. बाण परत आले.

गुरुवारी सुनावणी झाली. निकाल पुढे गावाच्या बाजूने लागला, नाल्यापर्यंतची हद्द मान्य झाली, तळ्यासकट. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. माझा जीव मात्र तिथे वेगळ्याच कारणाने टांगला गेला.

खोलीत साहेब लोक टेबलापलीकडे, आणि अलीकडे गावातले चाळीसेक लोक, राजोबाई पुढे. मी लॅपटॉप भिंतीवर दाखवायच्या मशीनला जोडला. रैनूभाऊ चालत होते. खांद्यावर कुऱ्हाड, मध्येच थांबून काठीने दाखवायचे, गोंडीत नाव सांगायचे, देवाजींचा आवाज त्याचं मराठी करायचा. तळ्यापाशी ते बसले आणि त्यांच्या आज्याने ते कसं खोदलं ते सांगितलं. एका साहेबांनी वहीत नावं लिहून घेतली, दोनदा विचारून. चला, आपण सोडवलं शेवटी, असं मनात आलंच. नाव झालेल्या माणसाची खोड लवकर जात नाही.

शेवटची क्लिप कोणी पाहिलेली नव्हती असं मला वाटत होतं. राजोबाईने पाहिली असणार, रोज पाहिली असणार, हे नंतर लक्षात आलं. ती ग्रामसभेच्या ऑफिसातली होती. रैनूभाऊ खुर्चीत बसलेले, दमलेले, मागे नवा कोरा कंप्युटर. बाहेर एसटीचा हॉर्न. आणि चित्राबाहेरून कोणाचा तरी घाईतला, हसरा आवाज आला. तो आवाज ओळखायला मला जेवढा वेळ लागला तेवढा खोलीतल्या दुसऱ्या कोणालाच लागला नाही. देवाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली.

त्या चित्रात रैनूभाऊ माझ्याकडे पाहत होते. त्यांनी मोडक्या मराठीत विचारलं, मी मेल्यावर हे राहील का.

माझा आवाज म्हणाला, "राहील ना भाऊ. कंप्युटरमध्ये टाकलं का मंग कुठी जात नाई. आत्ता टाकतो."

त्या दिवसाचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. मी कॉपी करायचं ठरवून शॉर्टकट केला, की सध्या शॉर्टकट करू, कॉपी पुढच्या खेपेला, असं म्हणालो, की बसच्या हॉर्नने सगळंच विसरलो. रोज वेगळं वाटतं. वहीत त्या तारखेला एवढंच लिहिलंय: कोहकाटोला, काम पूर्ण.

भिंतीवर रैनूभाऊंनी थोडा विचार केला. त्यांचा विश्वास बसला असावा, कारण मान हलवली. मग मोबाइल बंद व्हायच्या आधी ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मंग तू एकदा पाहून घेजो."